यान तोनिसन

युरोपचा नकाशा उघडा. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून बोट फिरवीत उत्तरेकडे जा. फिनलंडच्या आखाताच्या अलीकडे एक चिमुकला देश तुम्हांस दिसेल. त्याचे नाव एस्टोनिया. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती अवघी तेरा-चौदा लाख. सपाट भूमी, पाइन आणि भूर्ज वृक्षांची अरण्ये, जागोजागी दलदली आणि सरोवरे, अन् हिवाळ्यात सर्वत्र बर्फ! या लोकांच्या भाषेचे शेजारच्या रशियन किंवा जर्मन भाषेशी काहीच नाते नाही. ती फिनलंडच्या भाषेची बहीण आहे.

एवढ्याशा राष्ट्राच्या वाट्याला परवशता मात्र फार आली. डेन, जर्मन सरदार, स्वीडिश राजे असे एकामागून एक स्वामी झाले, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी रशियाच्या झारने हा मुलूख जिंकून घेतला. राज्य झारचे, पण जमिनी, जंगले आणि मोठमोठे वाडे जर्मन जहागीरदारांचे. मूळचा एस्टोनियन माणूस त्या जमिनीवर राबणारा कूळ. १८१६ ते १८१९ या काळात कायद्याने त्याची भूदासपणातून सुटका झाली खरी. परंतु जमीन जहागीरदारांकडेच राहिली. ज्याला पुढे यावयाचे असेल त्याने आपली भाषा टाकावी, जर्मन शिकावे आणि हळूहळू जर्मनच होऊन जावे, अशी रीत पडून गेली होती. शिकलेला माणूस एस्टोनियन भाषेत बोलला, तर लोकांना त्याचे नवल वाटे!

अशा काळात, २२ डिसेंबर १८६८ रोजी, दक्षिण एस्टोनियातील विल्यांदी परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी यान तोनिसन यांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६९ च्या उन्हाळ्यात, तार्तू नगरात एस्टोनियन लोकांचा पहिला गीतमहोत्सव भरला. गावोगावचे गायक एकत्र जमून आपल्या भाषेत गाऊ लागले. आपण एक राष्ट्र आहोत, ही जाणीव त्या लोकांना प्रथम गाण्यांतून झाली. यान नऊ वर्षांचे असताना विल्यांदी येथे ‘साकाला’ नावाचे वृत्तपत्र निघाले. कुळांचे गाऱ्हाणे ते निर्भीडपणे मांडी. बालवयात ज्या हवेत आपण वाढतो, ती हवा आपल्या रक्तात उतरते. यान यांच्या बाबतीत तसेच घडले असले पाहिजे.

पुढे ते तार्तूच्या विद्यापीठात कायद्याचे अध्ययन करू लागले. हे विद्यापीठ स्वीडनच्या राजाने १६३२ मध्ये स्थापन केलेले, फार जुने आणि नामांकित. परंतु तेथील अध्यापन जर्मन भाषेत चाले, आणि याच सुमारास सरकारने तेथे रशियन भाषेची सक्ती आरंभिली होती. देशाच्या भाषेला देशाच्या विद्यापीठात जागा नव्हती. तेथील मूठभर एस्टोनियन विद्यार्थ्यांनी आपली एक संस्था काढली होती. निळा, काळा आणि पांढरा अशा तीन पट्ट्यांचे निशाण त्यांनी १८८४ मध्ये आपल्या संस्थेसाठी तयार केले. यान तोनिसन या संस्थेचे अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांचे हे साधे निशाण पुढे एका स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज होईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

१८९२ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. काही काळ त्यांनी मध्य रशियातील ओर्योल येथे न्यायखात्यात काम केले. तेथेच राहते, तर पगार, बढती आणि प्रतिष्ठा यांची वाण पडली नसती. तोनिसन यांना मात्र घरची ओढ लागली होती. १८९६ मध्ये ते तार्तूस परतले आणि काही मित्रांच्या साह्याने त्यांनी ‘पोस्टिमेस’ हे वृत्तपत्र आपल्या हाती घेतले.

‘पोस्टिमेस’ या शब्दाचा अर्थ टपालवाला. हे एस्टोनियन भाषेतील पहिले दैनिक. तोनिसन त्याचे संपादक झाले आणि थोडाथोडका नव्हे, तर जवळजवळ चाळीस वर्षे त्या पत्राशी त्यांचा संबंध राहिला. आरंभीचे दिवस कठीण होते. छापण्यापूर्वी मजकूर सरकारी तपासनिसाला दाखवावा लागे, आणि त्याने काट मारली की ती ओळ गेलीच. अशा जाचातही तोनिसन यांनी आपले म्हणणे वाचकांपर्यंत पोहोचविले. आपल्या भाषेची लाज बाळगू नका, दारू सोडा, मुलांना शिकवा, परस्परांस साह्य करा, हेच ते पुनःपुन्हा सांगत. यात नवे ते काय, असे कोणास वाटेल. ज्या लोकांना शतकानुशतके तुम्ही हलके आहात असे ऐकविले गेले, त्यांना हे सारे नवे होते.

केवळ लिहून पोट भरत नाही, हे त्या शेतकऱ्याच्या मुलाला पक्के ठाऊक होते. त्या काळी एस्टोनियन शेतकऱ्याला जमीन विकत घ्यावयाची असली किंवा बियाणे आणावयाचे असले, तर कर्जासाठी जर्मन सावकाराच्या किंवा पेढीच्या दारी उभे राहावे लागे. १९०२ मध्ये तोनिसन यांनी पुढाकार घेऊन तार्तू येथे सहकारी तत्त्वावर कर्ज देणारी व ठेवी ठेवणारी संस्था सुरू केली. तिची रचना सोपी होती. प्रत्येक सभासदाने आपापल्या ऐपतीप्रमाणे थोडे भांडवल घालावयाचे. सर्वांच्या पैशांतून गरजूला माफक व्याजाने कर्ज द्यावयाचे. आणि कारभार सभासदांनीच निवडलेल्या मंडळींनी पाहावयाचा. थेंबे थेंबे तळे साचते, याची प्रचीती लोकांना आली. अशा संस्था मग इतरत्रही निघाल्या, दुधाच्या सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या. ज्याला स्वतःचा हिशेब ठेवता येतो त्याला उद्या राज्यही चालविता येईल, या विश्वासाने तोनिसन हे काम करीत. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्यातील हे काम सर्वांत मोलाचे आहे, जरी इतिहासाच्या पुस्तकांत त्याला चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही.

१९०५ मध्ये रशियात झारविरुद्ध क्रांतीचा वणवा पेटला. त्याची धग एस्टोनियातही पोहोचली. नोव्हेंबर महिन्यात तार्तू येथे साऱ्या देशातील प्रतिनिधींची परिषद भरली. पण ती पहिल्याच दिवशी दुभंगली. एका पक्षाला सशस्त्र उठाव हवा होता. दुसरा पक्ष तोनिसन यांचा. हक्क मागावे, पण कायद्याच्या मार्गाने. घरे जाळून आणि रक्त सांडून मिळालेले टिकत नाही, असे त्यांचे मत होते. तरुणांनी त्यांना भित्रे ठरविले. पुढे खेड्यापाड्यांत जहागीरदारांचे वाडे पेटले, आणि मग झारच्या सैन्याच्या तुकड्या आल्या. शेकडो माणसे चौकशीवाचून गोळ्या घालून किंवा फासावर देऊन मारली गेली.

तोनिसन भित्रे होते की काय, हे लवकरच दिसून आले. १९०६ मध्ये रशियाची पहिली लोकसभा, जिला दुमा म्हणत, भरली. तोनिसन तिचे सभासद म्हणून निवडून आले होते. सुमारे सव्वादोन महिन्यांतच झारने ती बरखास्त केली. तेव्हा दोनशेच्या आसपास सभासद फिनलंडमधील विबोर्ग येथे जमले आणि त्यांनी जनतेला उद्देशून एक पत्रक काढले. लोकसभा पुन्हा बोलावीपर्यंत सरकारला कर देऊ नका आणि सैन्यात भरती होऊ नका, असा त्याचा आशय होता. त्यावर सही करणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण देणे, हे उघड होते. तोनिसन यांनी सही केली. १९०७ च्या डिसेंबरात खटला चालला, त्यांना तीन महिन्यांची कैद झाली आणि निवडणुकीला उभे राहण्याचा हक्कही गेला. कैद भोगून ते परत आले आणि पुन्हा पोस्टिमेसच्या कचेरीत जाऊन बसले.

पहिल्या महायुद्धात झारचे सिंहासन कोसळले. १९१७ मध्ये एस्टोनियाला स्वतःची प्रतिनिधिसभा मिळाली आणि तोनिसन तिच्यात होते. रशिया खिळखिळा होत होता, जर्मन फौजा जवळ येत होत्या. आपण आता रशियाबाहेर आपला मार्ग शोधला पाहिजे आणि उत्तरेकडील स्वीडन, फिनलंड इत्यादी राष्ट्रांशी संघ करता येईल का, हे पाहिले पाहिजे, असा विचार त्यांनी त्या सभेत मांडला. तो काळाच्या पुढचा होता. थोड्याच महिन्यांत बोल्शेविकांनी सत्ता बळकावली, त्यांचे वृत्तपत्र बंद केले आणि त्यांना देशाबाहेर घालविले. तोनिसन स्टॉकहोमला गेले आणि परकीय सरकारांची दारे ठोठावून आपल्या देशासाठी मान्यता मागू लागले.

इकडे २४ फेब्रुवारी १९१८ रोजी ताल्लिन येथे एस्टोनियाचे स्वातंत्र्य घोषित झाले. घोषणा करणाऱ्यांत कॉन्स्टंटिन पॅत्स हे प्रमुख होते. तेही कायदेपंडित आणि संपादकच. पण तोनिसन यांचे जुने प्रतिस्पर्धी. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी जर्मन सैन्य राजधानीत शिरले. नोव्हेंबरात जर्मनी पराभूत झाला, तोच पूर्वेकडून लाल सेना चालून आली. नवजात राष्ट्रापाशी धड सैन्यही नव्हते. तेव्हा शाळकरी मुले आपल्या शिक्षकांसह आघाडीवर गेली. काही वर्ग पुरे रिकामे झाले. सारे आयुष्य शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटावा की काळीज फाटावे, हे समजत नाही. फिनलंडचे स्वयंसेवक आले, ब्रिटिश आरमाराने साह्य केले, आणि वर्षभराच्या झुंजीनंतर शत्रू हटला.

१९१९ च्या नोव्हेंबरात तोनिसन पंतप्रधान झाले. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच, १ डिसेंबर रोजी, तार्तूचे विद्यापीठ एस्टोनियन भाषेचे विद्यापीठ म्हणून उघडले. ज्या इमारतीत त्यांनी परक्या भाषेत शिक्षण घेतले, तेथे आता मातृभाषेतून व्याख्याने होऊ लागली. त्यांच्याच कारकिर्दीत, २ फेब्रुवारी १९२० रोजी, तार्तू येथे सोव्हिएट रशियाबरोबर तह झाला. रशियाने एस्टोनियाच्या भूमीवरील आपले सर्व हक्क कायमचे सोडून दिले आणि दीड कोटी सोन्याचे रूबल देऊ केले. ‘कायमचे’ हा शब्द त्या तहात स्पष्ट लिहिलेला आहे. त्याची किंमत वीस वर्षांनी कळली.

१९२० ची राज्यघटना अत्यंत उदार होती. इतकी की, तीत वेगळा राष्ट्राध्यक्षच नव्हता. मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला ‘राज्यज्येष्ठ’ अशा अर्थाची पदवी असे आणि लोकसभेची मर्जी फिरली की त्याला जावे लागे. वर्षभर टिकले ते मंत्रिमंडळ भाग्यवान! तोनिसन १९२७ च्या डिसेंबरापासून जवळजवळ एक वर्ष राज्यज्येष्ठ होते. त्याच काळात, १ जानेवारी १९२८ रोजी, ‘क्रोन’ हे नवे नाणे चलनात आले.

१९३३ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले, तेव्हा जगभर मंदी पसरली होती. एस्टोनियाचे लोणी आणि मांस परदेशांत विकले जाईना. तोनिसन यांनी क्रोनची किंमत ३५ टक्क्यांनी उतरविली. त्यामुळे निर्यातीला हळूहळू उठाव आला. पण लोकांची शिल्लक एका रात्रीत हलकी झाली आणि सारा देश त्यांच्यावर खवळला. माजी सैनिकांची एक आक्रमक चळवळ बलाढ्य नेत्याची मागणी करीत होती. तिला आवरण्यासाठी तोनिसन यांनी ऑगस्ट महिन्यात आणीबाणी पुकारली, सैनिकांची संघटना बंद केली आणि वृत्तपत्रांवर निर्बंध घातले. ज्याने झारच्या तपासनिसाचा जाच सोसला, त्याच्या हातून हे व्हावयास नको होते. त्याचा उपयोगही झाला नाही. ऑक्टोबरात सार्वमतात नव्या घटनेच्या बाजूने प्रचंड कौल पडला आणि तोनिसन यांनी राजीनामा दिला.

पुढे झाले ते विपरीतच. १२ मार्च १९३४ रोजी पॅत्स यांनी सेनापती लायडोनर यांच्या मदतीने सारी सत्ता हाती घेतली. लोकसभेचे काम थांबले, पक्षांवर बंदी आली. तोनिसन यांनी याला विरोध केला. १९३५ मध्ये सरकारने त्यांच्या हातून पोस्टिमेस काढून घेतले. झारने जे केले नाही, ते स्वतंत्र एस्टोनियाच्या सरकारने केले! त्या वेळी त्यांचे वय सदुसष्टीच्या घरात होते. ते विद्यापीठात सहकार हा विषय शिकवू लागले. परंतु गप्प बसले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी आणि आणखी तीन माजी राज्यज्येष्ठांनी, नागरिकांचे हक्क परत द्या, असे लेखी आवाहन सरकारला केले. ते छापण्याची देशातील वृत्तपत्रांची प्राज्ञा नव्हती; ते फिनलंडमधील पत्रात छापून आले. १९३८ मध्ये नवी लोकसभा भरली, तेव्हा तार्तूच्या मतदारांनी तोनिसन यांना निवडून पाठविले.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएट संघ यांनी करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत शेजारची लहान राष्ट्रे आपसांत वाटून घेतली. एस्टोनिया स्टालिनच्या वाट्याला आला. प्रथम पंचवीस हजार सैनिकांसाठी तळ मागण्यात आले. ते दिले गेले. १७ जून १९४० रोजी लाल सेनेने सारा देश व्यापला. त्यानंतर जुलै महिन्यात एक निवडणूक जाहीर झाली. उमेदवारांची नावे देण्यास अवघे थोडे दिवस ठेवले होते आणि कम्युनिस्टांच्या पाठिंब्याची एकच यादी निवडून यावी, अशी सारी तयारी होती.

एकाहत्तर वर्षांचे तोनिसन यांनी ठिकठिकाणच्या मंडळींना निरोप धाडून सांगितले, की निवडणूक म्हणतात ना, मग आपणही उमेदवार उभे करू. लोक भ्यालेले होते. तरीही साठांवर माणसे उभी राहिली. सत्ताधाऱ्यांना हे अनपेक्षित होते. त्यांनी आयत्या वेळी नवी अट काढली, की प्रत्येक उमेदवाराने काही तासांत आपला जाहीरनामा सादर करावा. पुष्कळांनी तोही केला. मग निरनिराळी निमित्ते काढून एक वगळता सर्व नावे खोडण्यात आली. १४ आणि १५ जुलै रोजी मतदान झाले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मते त्या एकाच यादीला मिळाल्याचे घोषित झाले. ६ ऑगस्टला एस्टोनिया सोव्हिएट संघात सामील केला गेला. तोनिसन यांचा डाव फसला, असे म्हणता येईल. पण ती निवडणूक खरी नव्हती, हे जगाला दाखविणारा पुरावा त्या खोडलेल्या नावांनीच मागे ठेवला.

१९४० साल संपता संपता त्यांना अटक झाली. आपण कायदेपंडित, देशाचे माजी प्रमुख. आणि आरोप काय, तर जन्मभर जे उघडपणे केले तेच! चौकशीत त्यांनी आपल्या मतांबद्दल खेद दर्शविला नाही आणि सहकाऱ्यांविरुद्ध काही सांगितले नाही, असे सांगतात. १९४१ च्या जूनमध्ये एका रात्रीत सुमारे दहा हजार एस्टोनियन स्त्री-पुरुष आणि मुले गुरांच्या डब्यांत भरून पूर्वेकडे नेण्यात आली. आठवडाभरातच जर्मनीने सोव्हिएट संघावर चढाई केली. त्या धामधुमीत तोनिसन यांचा माग हरपतो. जुलैच्या पहिल्या दिवसांत ताल्लिन येथे त्यांना गोळ्या घातल्या असाव्यात, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

त्यांचे प्रतिस्पर्धी पॅत्स यांनाही सत्ताधाऱ्यांनी आधी रशियात हद्दपार केले, मग तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात डांबले. तेथेच १९५६ मध्ये ते वारले. एस्टोनियाचे प्रमुखपद ज्यांनी भूषविले, त्यांपैकी बहुतेकांचा शेवट तुरुंगात किंवा बंदिवासाच्या छावणीत झाला. ऑगस्ट रेइ यांना मात्र स्वीडनला पोहोचता आले.

सोव्हिएट राजवटीत तार्तूच्या वृत्तपत्राचे नावही बदलले गेले. तोनिसन यांचा गौरवाने उल्लेख करणे अशक्य झाले. तरीही घराघरांतील वृद्ध माणसे नातवंडांना त्यांच्या गोष्टी सांगत राहिली. १९९१ च्या आरंभी त्या पत्राने पोस्टिमेस हे जुने नाव पुन्हा धारण केले. त्याच वर्षी २० ऑगस्टला एस्टोनियाने आपले स्वातंत्र्य परत मिळविले, आणि विद्यार्थ्यांचे ते निळे-काळे-पांढरे निशाण पुन्हा स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज झाले. तार्तूमध्ये तोनिसन यांचा पुतळा उभारण्यात आला आहे. त्यांचा देह कोठे पुरला, हे मात्र अद्याप कोणास ठाऊक नाही.